जत्रेत दिव्यांगांची जागा कुठे? स्टेजची पहिली खुंटी ठोकण्याआधी ठरवा

पारनेर : पौष पौर्णिमेला पिंपळगाव रोठ्याच्या कोरठण खंडोबाची यात्रा. चैत्रात निघोजच्या मळगंगा देवीची. आणि मग एकामागून एक गावोगावच्या जत्रा. देवाचा छबिना, शोभेचं दारूकाम, रात्री तमाशा किंवा ऑर्केस्ट्रा, दुसऱ्या दिवशी सकाळी हजेऱ्या आणि दुपारी कुस्त्यांचा हगामा. मुंबई-पुण्याला गेलेली पोरं त्या दोन दिवसांसाठी गावी येतात, लेकी माहेरी येतात, पाव्हण्यांनी घर भरतं.

पण जवळपास प्रत्येक गावात असं एखादं घर असतं, जिथं त्या रात्री एक माणूस मागे राहतो. कुणाचे पाय पोलिओने गेलेले, कुणाला दिसत नाही, कुणी व्हीलचेअरवर. घरचे म्हणतात, "गर्दीत तुला कुठं नेता? घरी पड निवांत." त्यात त्यांची माया असते, खोट नसते. पण ढोलकीचा आवाज गावभर घुमतो, तो त्या घरातही ऐकू येतो. वर्गणी त्या घरानेही दिलेली असते.

त्या माणसाला मैदानात आणायचं, तर काय लागतं? पैसा थोडा लागतो. जास्त लागतो तो आधी केलेला विचार. एकदा स्टेज उभा राहिला, स्पीकर लागले, गर्दी बसली, की कोणतीही सोय करता येत नाही. म्हणून ही चर्चा यात्रा कमिटीच्या पहिल्या बैठकीतच व्हायला हवी.

हा प्रश्न चार माणसांचा नाही

"आपल्या गावात दिव्यांग आहेतच किती?" असं बैठकीत कुणी ना कुणी म्हणतं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त दिव्यांगांची नोंद झाली. तेव्हा अपंगत्वाचे मोजके प्रकार धरले जात होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ही यादी २१ प्रकारांपर्यंत नेली. त्यात अंधत्व, अल्पदृष्टी, कर्णबधिरता, चालण्या-फिरण्यातलं अपंगत्व, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, बौद्धिक अपंगत्व, मानसिक आजार, पार्किन्सन, सिकलसेल, हिमोफिलिया, ॲसिड हल्ल्यातले पीडित असे सगळे येतात.

शिवाय कागदावर दिव्यांग नसलेली माणसंही आहेत. गुडघे गेलेली आजी, नुकतं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले आजोबा, गरोदर सून, अपघातात पायात रॉड टाकलेला तरुण. दिव्यांगांसाठी केलेली वाट आणि बसायची जागा या सगळ्यांच्या कामी येते.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. जत्रेच्या दृष्टीने त्यातल्या चार गोष्टी लक्षात ठेवायच्या.

पहिली, कलम २९. सांस्कृतिक जीवनात आणि करमणुकीत दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीने भाग घेता यावा, यासाठी सरकारने आणि स्थानिक प्राधिकरणांनी पावलं उचलायची आहेत. स्थानिक प्राधिकरणात पंचायत येते. म्हणजे हे काम ग्रामपंचायतीचंही आहे.

दुसरी, 'सार्वजनिक सुविधा आणि सेवा' यांची व्याख्या. लोकांना असं वाटतं, की हा कायदा फक्त नोकरी, शाळा आणि दवाखान्यापुरता आहे. पण या व्याख्येत धार्मिक, सांस्कृतिक आणि करमणुकीच्या सेवांचा उल्लेख आहे. देवळाचा उत्सव आणि रात्रीचा तमाशा दोन्ही त्यात बसतात. सेवा देणारे सरकारी असोत की खासगी, त्यांनी सुगम्यतेच्या नियमांप्रमाणे सेवा द्यावी, असं कलम ४६ सांगतं. सुगम्य म्हणजे दिव्यांगाला विनाअडथळा पोहोचता येईल आणि वापरता येईल असं.

तिसरी, 'वाजवी सोय'. एखाद्या दिव्यांगाला त्याच्या गरजेप्रमाणे जो बदल लागतो तो करून द्यायचा, मात्र समोरच्यावर अवाजवी बोजा पडता कामा नये. लहान गावाकडून कुणी लाखोंचा खर्च मागत नाही. पण दोरी बांधून जागा राखणं हा काही अवाजवी बोजा नव्हे.

चौथी, कलम ९२. लोकांसमोर दिव्यांगाचा जाणूनबुजून अपमान केला किंवा त्याला धमकावलं, तर ६ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात महत्त्वाचा निकाल दिला. सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीसारखे ठेवून चालणार नाही, पाळावेच लागतील असे किमान नियम सरकारने तयार करावेत, असं न्यायालयाने सांगितलं. रतुरी स्वतः दृष्टिहीन आहेत.

जागा : कुठे आणि किती?

तमाशाला लोक जमिनीवर बसतात. कडेचे आणि मागचे उभे राहतात. व्हीलचेअरवरचा माणूस मागे राहिला, की त्याला समोरच्यांच्या पाठीच दिसतात. पुढे आणून बसवला, तर मागून ओरडा होतो, "ए, खुर्ची खाली घ्या!" म्हणून जागा विचार करून निवडावी लागते.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे स्टेजच्या एका बाजूला, पुढच्या भागात, दोरी बांधून जागा राखायची. व्हीलचेअरवरच्या माणसाची नजर साधारण ४ फूट उंचीवर असते. त्याच्या पुढे फक्त खाली बसलेले लोक असतील, तर त्याला स्टेज नीट दिसतो. बाजूला असल्यामुळे मागच्यांचीही तक्रार राहत नाही. दोरीपुढे कुणी उभं राहणार नाही, एवढं दोन स्वयंसेवकांनी शेवटपर्यंत सांभाळायचं. सुरुवातीला अर्धा तास उभं राहून स्वयंसेवकच तमाशा बघायला गेले, तर जागा पाच मिनिटांत भरते.

किती जागा लागते? एका व्हीलचेअरला साधारण ३ फूट रुंद आणि ४ फूट लांब जागा पुरते. शेजारी सोबतच्या माणसाची खुर्ची धरली, तर रुंदी ५ फूट होते. खुर्ची वळवायला मागे आणखी ५ फूट मोकळे हवेत. म्हणजे चार व्हीलचेअर आणि चार सोबती यांना २० फूट लांब आणि ९ ते १० फूट रुंद जागा झाली. एवढ्या मोठ्या मैदानात ती सहज निघते. सोबतच्या माणसाला मात्र तिथेच बसू द्यायचं. दिव्यांगाला एका कोपऱ्यात आणि त्याच्या बायकोला किंवा भावाला दुसरीकडे, असं केलं तर त्याला पाणी कोण देणार आणि घरी कोण नेणार?

यात एक अडचण हमखास येते. स्टेजच्या दोन्ही बाजूंना पुढे स्पीकरच्या भिंती असतात आणि राखीव जागाही नेमकी तिथेच येते. चार तास कानावर तो आवाज कुणालाच सोसत नाही. त्यात श्रवणयंत्र लावलेल्याला तर सगळ्या आवाजाचा नुसता गोंधळ ऐकू येतो. म्हणून स्पीकर कुठे येणार ते साउंडवाल्याला आधी विचारायचं आणि राखीव जागा स्पीकरच्या तोंडासमोर येणार नाही अशी घ्यायची. जनरेटर आणि दारूकामाची जागाही लांबच हवी.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत व्हीलचेअर चढवून देण्याची युक्ती काही जण सुचवतात. वरून छान दिसतं हे खरं. पण फळ्या तिरक्या लावून खुर्ची वर ओढताना ती मागे उलटू शकते आणि वर गेल्यावर घसरूही शकते. पुढे काही गडबड झाली, तर त्या माणसाला स्वतःहून खाली येता येत नाही. ट्रॉलीचा नाद सोडलेला बरा.

वाट आणि रॅम्प

जागा राखली, पण तिथवर पोहोचायचं कसं? जत्रेचं मैदान म्हणजे पुष्कळदा पीक निघालेलं रान. ढेकळात, वाळूत आणि सुट्या खडीत व्हीलचेअरची पुढची लहान चाकं रुततात. कुबडीची टोकंही रुततात. रस्त्यापासून राखीव जागेपर्यंत ४ ते ५ फूट रुंदीचा पट्टा मुरूम टाकून, पाणी मारून, रोलरने दाबला, तर काम होतं. गावात कुठे ना कुठे रस्त्याचं काम चाललेलं असतंच, रोलर तासाभरासाठी मिळतो.

त्या पट्ट्यावर मंडपाचे ताण, खुंट्या, केबल आणि खेळण्यांची दुकानं येऊ द्यायची नाहीत. ताणलेली दोरी रात्री डोळसालाही दिसत नाही, मग दृष्टिहीनाचं काय? वाटेच्या दोन्ही कडांना पांढरा चुना आणि वर दिव्यांची माळ, एवढं पुरे. तीनचाकी स्कूटर लावायला वाटेच्या तोंडाशी जागा ठेवायची आणि तिथे 'दिव्यांग पार्किंग' असा फ्लेक्स लावायचा.

रॅम्पचं गणित पाठ करून ठेवण्यासारखं आहे. १ फूट उंचीला १२ फूट लांबी. देशाच्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांत हाच उतार दिला आहे. रुंदी किमान ४ फूट आणि बाजूला धरायला कठडा. ओट्याच्या पायऱ्यांवर टाकलेली उभी फळी म्हणजे रॅम्प नव्हे, ती घसरगुंडी झाली.

स्टेज ३ फूट उंच असेल, तर या हिशोबाने ३६ फुटांचा रॅम्प लागेल. प्रत्येक गावाला ते जमणार नाही. पण जत्रेत एक दृश्य दरवर्षी दिसतं. गावातल्या दिव्यांगाचा सत्कार ठेवतात, त्याचं नाव पुकारतात आणि मग चार जण त्याला उचलून स्टेजवर चढवतात. सगळं गाव बघत असतं. सत्कार करायचा, तर सरपंचांनी आणि पाहुण्यांनी स्टेजवरून खाली उतरून त्याच्या जागेवर जाऊन करावा. त्याला खर्च शून्य आणि मान पुरा.

शौचालय : न बोलला जाणारा अडथळा

बरेच दिव्यांग, विशेषतः महिला, जत्रेला येत नाहीत त्याचं खरं कारण इथे असतं. चार-पाच तास बसायचं, तर लघवीला कुठे जायचं? म्हणून काही जणी दुपारपासून पाणीच पीत नाहीत. फिरतं शौचालय मागवलं, तरी ते गाडीवर असतं आणि चढायला उंच, अरुंद पायऱ्या असतात. व्हीलचेअर आत जाण्याचा प्रश्नच येत नाही.

यावर गावातच उपाय असू शकतो. अनेक जिल्हा परिषद शाळांमध्ये रॅम्प आणि दिव्यांग मुलांसाठीचं वेगळं शौचालय बांधलेलं आहे. शाळा मैदानापासून जवळ असेल, तर मुख्याध्यापकांशी बोलून ते शौचालय जत्रेच्या रात्री उघडं ठेवायचं. पाणी भरून ठेवायचं, दिवा लावायचा आणि एका महिला स्वयंसेवकाकडे किल्ली द्यायची. शाळा लांब असेल, तर ग्रामपंचायत किंवा मैदानाजवळच्या एखाद्या घराचं कमोडचं शौचालय विचारून ठेवायचं. ते कुठे आहे, ते दिवसा सांगून ठेवलेलं बरं. रात्री गर्दीत शोधत बसायला नको.

ज्यांना दिसत नाही, ज्यांना ऐकू येत नाही

दृष्टिहीन माणूस तमाशाचा पक्का रसिक असू शकतो. गण, गवळण, लावणी, ढोलकीचे बोल त्याला ऐकू येतातच. पण वगात कुणीतरी नुसतं तोंड वेडंवाकडं केलं आणि सगळं मैदान हसलं, की तो शेजाऱ्याला विचारतो, "काय झालं?" तेवढं सांगणारा एक माणूस शेजारी हवा. दोन-तीन दृष्टिहीन प्रेक्षक वेगवेगळ्या ठिकाणी बसले असतील, तर एका स्वयंसेवकाने त्यांना कॉन्फरन्स कॉलवर घेऊन स्टेजवर काय चाललंय ते हळू आवाजात सांगायचं. त्यांनी एका कानाला इअरफोन लावायचा आणि दुसऱ्या कानाने तमाशा ऐकायचा. मोठ्या शहरांतल्या नाटकांत यासाठी खास यंत्रणा असते, गावात साधा मोबाइल चालतो.

दृष्टिहीनाला नेताना हाताला धरून ओढायचं नाही. आपला कोपर पुढे करायचा, तो धरून तो अर्धं पाऊल मागे चालतो. "इकडे या" म्हणून त्याला काही कळत नाही. "उजवीकडे चार पावलं, मग एक पायरी" असं सांगितलं, की कळतं.

कर्णबधिरांसाठी भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषी मिळाला तर उत्तमच. त्याला स्टेजच्या कडेला, उजेडात उभं करायचं. पण असे दुभाषी कमी आहेत आणि खेड्यात मिळणं अवघड. मग दुसरा मार्ग. शेजारच्या जुन्नर तालुक्यात नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी तिथे जाऊन सुपारी देतात. तेव्हाच फडमालकाला वगाचं नाव आणि थोडक्यात गोष्ट विचारून घ्यायची. ती दहा-पंधरा ओळींत टाइप करून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची. गोष्ट आधी माहीत असली, की कर्णबधिर माणसाला हावभावांवरून पुष्कळ उमगतं. बोललेलं लिहून दाखवणारी मोबाइल ॲप मराठीतही चालतात, पण स्पीकरच्या गोंगाटात त्यांचा भरवसा नाही. कर्णबधिरांना पुढे, जिथून कलाकारांचे चेहरे दिसतात तिथे बसवायचं.

आणखी एक गोष्ट. हरवलेल्या पोराची, गाडी काढायची, कार्यक्रमाची वेळ बदलल्याची सूचना माइकवरूनच होते. कर्णबधिराला ती पोहोचत नाही. तीच सूचना व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकायची. टाकायला अर्धा मिनिट लागतो.

ज्यांना गोंगाट सोसत नाही

ऑटिझम किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्या काही मुलांना अचानक उडालेला औट, लुकलुकणारे दिवे आणि गर्दीचे धक्के सहन होत नाहीत. मूल कान झाकतं, किंचाळतं, पळतं. लोकांना वाटतं, आईबापांनी लाडावलंय. तसं नसतं. त्या मुलाला तो आवाज खरोखर त्रासाचा असतो.

अशा घरांसाठी मैदानापासून थोडं दूर एक शांत जागा ठेवता येते. शाळेची एक खोली, देवळाची ओवरी, काहीही चालेल. तिथे पाणी, सतरंजी, मंद दिवा. दारूकाम किती वाजता सुरू होणार ते माइकवर आणि ग्रुपवर आधी सांगायचं, म्हणजे आई मुलाला घेऊन वेळेत बाजूला होईल. मुलाच्या खिशात पालकांचा मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवायला पालकांनीही विसरू नये.

आवाजाला कायद्याची मर्यादा आहेच. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद ठेवायचे असतात. वर्षातले ठरावीक दिवस सरकार रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण हे दिवस १५ पेक्षा जास्त नसतात.

गर्दी उसळली तर?

इथे मात्र जिवाचा प्रश्न आहे. २५ जानेवारी २००५ रोजी, पौष पौर्णिमेलाच, सातारा जिल्ह्यात वाईजवळच्या मांढरदेवी गडावर काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली. चढाच्या अरुंद वाटेवर लोक अडकले, दुकानांना आग लागली आणि तीनशेच्या आसपास भाविकांचा जीव गेला. धडधाकट माणसांना जिथे पळता आलं नाही, तिथे कुबडीवरच्या माणसाचं काय होईल, ते सांगायला नको.

म्हणून राखीव जागा कधीही बंद कोपऱ्यात घ्यायची नाही. तिला दोन वाटा हव्यात. एक येण्याची आणि एक थेट बाहेर रस्त्यावर जाणारी. दुसऱ्या वाटेवर गाड्या आणि हातगाड्या लावू द्यायच्या नाहीत. तिथून रुग्णवाहिका आत येईल एवढी ती रुंद असावी. काही झालं तर कोणता स्वयंसेवक कोणत्या दिव्यांगाजवळ जाईल, ते संध्याकाळीच नावानिशी ठरवायचं. "कुणीतरी बघेल" म्हटलं, की कुणीच बघत नाही. कायद्याचं कलम ८ धोक्याच्या प्रसंगी दिव्यांगांना इतरांइतकंच संरक्षण आणि सुरक्षितता मिळण्याबद्दलच आहे.

दुसरीकडे काय करतात?

जानेवारी २०२३ मध्ये गोव्यात पणजीला 'पर्पल फेस्ट' हा दिव्यांगांचा महोत्सव पहिल्यांदा भरला. गोव्याचं दिव्यांग आयुक्तालय आणि समाजकल्याण खातं यांनी तो घेतला. त्यात संगीत, खेळ, चर्चा सगळं होतं. दिव्यांग तिथे प्रेक्षक होते आणि कलाकारही होते. आधी आराखडा केला, तर आपल्याकडेही हे जमतं, हे त्यातून दिसलं.

दुसरं उदाहरण साता समुद्रापलीकडचं, पण शेतकऱ्याचं आहे. इंग्लंडमध्ये ग्लास्टनबरी नावाचा मोठा संगीत महोत्सव भरतो, तो एका दूध उत्पादक शेतकऱ्याच्या रानात. मायकेल इव्हिस या शेतकऱ्याने १९७० मध्ये तो सुरू केला, तेव्हा तिकीट होतं १ पौंड आणि त्यात गोठ्यातलं दूध फुकट. आजही पाऊस झाला की तिथे गुडघाभर चिखल होतो. तरीही व्हीलचेअरवाल्यांसाठी स्टेजसमोर उंच चौथरे असतात, सांकेतिक भाषेचे दुभाषी असतात आणि ज्या दिव्यांगाला सोबतीची गरज असते त्याच्या सोबत्याला वेगळं तिकीट घ्यावं लागत नाही. रान चिखलाचं आहे म्हणून तिथे कुणाला घरी ठेवत नाहीत.

आपल्याच जिल्ह्यात शिर्डीला ज्येष्ठ आणि दिव्यांग भाविकांना दर्शनासाठी वेगळा प्रवेश आहे. देवळात जे चालतं ते मैदानातही चालू शकतं.

पैसा कुठून आणायचा?

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे. बहुतेक ठिकाणी तो वर्षअखेर वाटला जातो. हा पैसा दिव्यांगांचा आहे, त्यामुळे तो जत्रेच्या मंडपाला वळवणं बरोबर नाही. पण ग्रामपंचायत, देऊळ किंवा शाळेच्या मैदानाजवळ कायमचा रॅम्प आणि सुगम्य शौचालय बांधायचं असेल, तर गावातल्या दिव्यांगांना विचारून आणि ग्रामसभेत ठराव घेऊन या निधीचा विचार होऊ शकतो. ते बांधकाम वर्षभर कामाला येतं.

त्या रात्रीचा खर्च, म्हणजे मुरूम, दोरी, चुना, दिव्यांची माळ, दोन फ्लेक्स, हा वर्गणीतून सहज निघतो. दारूकामाला जेवढं लागतं त्याच्या पासंगालाही हा खर्च पुरणार नाही.

मागणी कशी करायची?

दिव्यांगांनी किंवा घरच्यांनी जत्रेच्या आदल्या दिवशी सांगून उपयोग नाही. चैत्रातल्या जत्रेसाठी २६ जानेवारीची ग्रामसभा गाठायची. पौषातल्या यात्रेसाठी २ ऑक्टोबरची. अर्ज साधा, एका पानाचा. आम्ही अमुक जण कार्यक्रमाला येणार आहोत, आम्हाला राखीव जागा, वाट, शौचालय आणि बाहेर पडायची दुसरी वाट हवी, कायदा २०१६ चं कलम २९. खाली सह्या. ग्रामपंचायतीकडून पोच घ्यायची आणि एक प्रत यात्रा कमिटीला द्यायची.

काहीच हालचाल झाली नाही, तर गटविकास अधिकारी आणि तहसीलदार यांच्याकडे जाता येतं. राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय पुण्याला आहे, तिथेही लेखी तक्रार करता येते. राज्यात डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही आहे.

ज्यांनी अजून युडीआयडी म्हणजे स्वावलंबन कार्ड काढलं नाही, त्यांनी ते काढून घ्यावं. एसटीच्या सवलतीपासून योजनांपर्यंत ते लागतं. मात्र जत्रेत राखीव जागेत बसायला कुणाकडे कार्ड मागत बसू नये. सगळी अपंगत्वं डोळ्यांना दिसत नाहीत.

कमिटीच्या बैठकीत विचारायचे आठ प्रश्न

१. गावातले किती दिव्यांग येणार, ते घरी जाऊन विचारलं का? कुणाला काय लागतं, ते त्यांनीच सांगितलं का?

२. राखीव जागा कुठे? तिथून स्टेज दिसतो का? स्पीकर तोंडावर येतो का?

३. रस्त्यापासून तिथवर पक्की, उजेडाची वाट आहे का?

४. सोबतच्या माणसाला तिथेच बसता येतं का?

५. शौचालय कोणतं? किल्ली कुणाकडे?

६. माइकवरच्या सूचना व्हॉट्सॲप ग्रुपवर कोण टाकणार?

७. बाहेर पडायची दुसरी वाट कोणती? ती मोकळी कोण ठेवणार?

८. कार्यक्रम संपल्यावर वस्तीवरच्या दिव्यांगांना घरी कोण सोडणार? रात्री एसटी नसते.

पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कमिटीत एका दिव्यांगाला घेतलं, तर बाकीच्या सातांची उत्तरं तोच देईल. कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी त्यालाच व्हीलचेअरवर किंवा कुबडीवर त्या वाटेने नेऊन बघायचं. कुठे चाक रुततं, कुठे खुंटी आडवी येते, ते लगेच कळतं आणि दुरुस्त करायला रात्र हातात असते.

राहिला बोलण्याचा भाग. माइकवरून "आपले बिचारे दिव्यांग बांधव" असं म्हणायची गरज नाही. ते गावाचेच आहेत, वर्गणीदार आहेत, रसिक आहेत. नाव घेऊन, जसं इतरांना म्हणतो तसं, "या, बसा" एवढं म्हटलं तरी पुरे.